एकवीस नंबरची बाटली

एकोणीस जानेवारी दोन हजार दोन, शनिवार. सकाळची सुरुवात बर्फ फोडण्याने झाली. गाझियाबादला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फवाला होता. त्याच्याकडून आणलेली अर्धी लादी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मी मागच्या गॅलरीत बत्त्याने ठोकत बसले होते. बाहेर धुकं इतकं की समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत नव्हती. अशा थंडीत बर्फ विकत घेणारं गिऱ्हाईक त्या माणसाने बहुधा पाहिलं नसावं.

"घर में शादी है क्या, बहनजी?" त्याने विचारलं होतं.

"नहीं, खून रखना है," मी म्हटलं. त्याने घाईघाईने लादी कापून दिली.

मी तेव्हा दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, आणि किडनी विभागाच्या एका संशोधनासाठी मला दोन वर्षं तिकडे दिलं होतं. संशोधन समजायला अवघड नाही. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. किडनी बिघडली की हे अस्तर सगळ्या अंगभर दुखावत जातं. म्हणून तर किडनीचे कितीतरी रुग्ण किडनी पुरती थांबायच्या आधीच हृदयविकाराने जातात. दुखावलेल्या अस्तरातून काही प्रथिनं रक्तात जास्त सुटतात. ती मोजली तर आत किती नुकसान झालंय याचा अंदाज येतो का, हे आमच्या मॅडमना बघायचं होतं. मॅडम म्हणजे त्या विभागातल्या वरिष्ठ डॉक्टर. बंगाली, पण जन्म दिल्लीचा, बोलणं हिंदीत आणि रागावणं इंग्रजीत. ज्या प्रथिनावर आमचा मुख्य भर होता त्याचं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. आम्ही त्याला नुसतं 'मार्कर' म्हणायचो.

रुग्णांचं रक्त हवं तेवढं मिळत होतं. अडलं होतं ते निरोगी माणसांवाचून. तुलनेसाठी चाळीस ते साठ वयाच्या, धडधाकट, किडनीची, साखरेची, रक्तदाबाची तक्रार नसलेल्या बायका हव्या होत्या. रुग्णालयात धडधाकट बाई येते ती कुणाची तरी नातेवाईक म्हणून, आणि रुग्णांचे सख्खे नातेवाईक चालणार नव्हते. कर्मचारीही चालणार नव्हते. दोन महिन्यांत मला चार बायका मिळाल्या, आणि त्याही तपासणीत गळल्या. हे रडगाणं मी एका रविवारी जाऊबाईंकडे गायले.

जाऊबाई म्हणजे थोरल्या दिरांची बायको. मी त्यांना वहिनी म्हणते. लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा मला हिंदीत भाजीसुद्धा घेता येत नव्हती. पहिली चार वर्षं आम्ही दोघं त्यांच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. मला प्रयोगशाळेचा डिप्लोमा करायचा होता आणि मुलगी आठ महिन्यांची होती. "तू जा. पोरीचं मी बघते," असं वहिनी एकदाच म्हणाल्या आणि दोन वर्षं त्यांनी ते केलं. आमची भांडणं पुष्कळ झाली, आमटीतल्या गुळावरून झाली, टीव्हीच्या आवाजावरून झाली, पण त्या दोन वर्षांचा उल्लेख त्यांनी भांडणात कधी काढला नाही. माझ्या हातात नोकरी आहे ती त्यामुळे. हे मी इथे साधेपणाने लिहून ठेवते, कारण त्यांच्या तोंडावर बोलले असते तर त्यांनी विषय बदलला असता.

दोन हजार दोनपर्यंत त्या द्वारकेला राहायला गेल्या होत्या. सरकारी नोकरदारांची सोसायटी, तिसरा मजला, आणि लिफ्टचा खड्डा तयार होता पण लिफ्ट यायची होती.

माझं रडगाणं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, शनिवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. तीस बायका येणार. तुला किती हव्यात?"

"वीस."

"मग वीस तुझ्या. उरलेल्या दहांना मी तिळगूळ देते."

मॅडमना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी हळदीकुंकू म्हणजे काय ते विचारून घेतलं, परवानगीच्या कागदांत 'घरी जाऊन नमुना घेणे' हे कलम आहे का तपासलं, आणि छोटं सेंट्रिफ्यूज घरी न्यायला सही दिली. हे यंत्र रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून वरचा पिवळट द्रव वेगळा करतं. मार्करसाठी ते तासाभरात व्हायला हवं, आणि द्वारकेहून रुग्णालय त्या काळी तासाभरात कुणी गाठत नसे.

तर असा सगळा सरंजाम रिक्षात घालून मी दुपारी बाराला वहिनींच्या दारात उभी राहिले. रिक्षावाल्याने आणि मी मिळून यंत्र तीन जिने चढवलं. आतल्या खोलीत शिलाई मशीनच्या टेबलावर यंत्र, पलंगाखाली बर्फाचा डबा, खिडकीपाशी खुर्ची. बायकांना दोनला बोलावलं होतं, हळदीकुंकू चारला. पद्धत ठरलेली: फॉर्म मराठीतून वाचून दाखवायचा, सही घ्यायची, पंधरा मिनिटं शांत बसवायचं, रक्तदाब दोनदा मोजायचा, रक्त घ्यायचं आणि हातात एक नंबर घातलेली छोटी बाटली द्यायची. लघवीत प्रथिन जात नाही ना, हे जागच्या जागी पट्टी बुडवून बघायचं. किडनी ठीक आहे याची ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त खूण. पट्टी पिवळी राहिली की ठीक, हिरवी झाली की नाही.

माझ्या आयुष्यात मी हजारो हात पाहिलेत, पण इतके नटलेले हात एका दिवसात कधीच नाही. बांगड्या वर सरकवा, काळ्या साडीची बाही वर करा, मग शीर शोधा. गप्पा थांबत नव्हत्या.

"आपण बायका वाण लुटतो, ही बाई रक्त लुटते," एकीने म्हटलं आणि खोलीभर हसू पसरलं.

"टोचलंय तिथे हळद लावू का गं? आहेच हाताशी."

"हळद नका लावू. कापूस दाबून धरा."

"आणि वाण काय देणार तू? रिकामी नळी?"

वाण वहिनींनी द्यायचं होतं, स्टीलच्या गाळण्या. त्या बायकांपैकी निम्म्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. कुणाला माझ्या संशोधनाशी देणंघेणं नव्हतं. वहिनींनी सांगितलं म्हणून त्या दोन तास आधी नटून आल्या आणि अनोळखी बाईपुढे हात केला. असं काम सहज होत नाही, हे मला दोन महिन्यांच्या अनुभवाने कळलेलं होतं.

वीस झाल्या. मी आवरायला लागले तर वहिनी दारात. "माझं राहिलं की."

"तुमचं कशाला वहिनी, वीस झाल्या."

"घरच्या बाईने नको का द्यायला? पाहुण्यांचं आधी, म्हणून थांबले."

त्या खुर्चीत बसल्या. पंधरा मिनिटं बसायला त्यांना वेळ नव्हता, पाच मिनिटं बसल्या. पहिला रक्तदाब रेषेच्या वर आला. दुसरा बरोबर रेषेवर. नियम दोन्हींची सरासरी लिहायचा. मी मनात म्हटलं, सकाळपासून उभ्या आहेत, घरात तीस बायका, वाढणारच. आणि दुसरा आकडा लिहिला. चौदा वर्षांच्या नोकरीत असं मी पहिल्यांदा केलं, आणि ते घरच्या माणसासाठी केलं. रक्त घेतलं. एकवीस नंबरची बाटली त्यांनी पदराखाली धरून नेली आणि दहा मिनिटांनी आणून दिली. "घे बाई तुझी बाटली." पट्टी पिवळी राहिली. मी वहीत टिक केली, कुंकू लावून घेतलं, गाळणी घेतली आणि नमुने घेऊन निघाले.

नमुने उणे सत्तरच्या फ्रीजरमध्ये पडून राहिले. साखरेच्या आणि क्रिएटिनिनच्या नेहमीच्या तपासण्या आठवडाभरात आल्या, सगळ्या ठीक होत्या. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात साचला की किडनी दमली असं समजायचं. एकवीस नंबरचं रेषेच्या आतच होतं.

मार्कर मोजायचा दिवस फेब्रुवारीच्या मध्यात आला. शहाण्णव छोट्या खळग्यांची प्लॅस्टिकची थाळी असते. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत घालायचा. शेवटी निळा रंग येतो, त्यावर आम्लाचा थेंब टाकला की पिवळा होतो. जितका गडद पिवळा, तितका मार्कर जास्त. यंत्रात घालायच्या आधीच डोळ्यांना अंदाज येतो. रुग्णांच्या रांगा गडद होत्या, निरोगींच्या फिक्या. आणि निरोगींच्या रांगेच्या टोकाला दोन खळगे रुग्णांइतके गडद.

माझ्या हातून चूक झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच नमुन्याची दुसरी कुपी काढून पुन्हा लावली. पुन्हा तेच.

आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, फक्त नंबर. नावांची यादी मॅडमच्या कपाटात कुलपात. तंत्रज्ञाला कुणाचं रक्त आहे हे कळू नये म्हणून ही व्यवस्था. पण त्या शनिवारचा शेवटचा नंबर कुणाचा, हे मला यादीवाचून माहीत होतं. घरच्या बाईने शेवटी बसायचं ठरवलं होतं ना.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, कंट्रोलमधला, म्हणजे निरोगींच्या गटातला, एकवीस नंबर रुग्णासारखा येतोय, दोनदा केला.

त्यांनी वही उघडली. "पेशाब नॉर्मल, क्रिएटिनिन नॉर्मल, बीपी नॉर्मल. फिर?"

"फिर मार्कर क्यों चढ़ा, मॅडम?"

"सौ वजह हो सकती हैं. सीढ़ी चढ़कर आई होगी. सर्दी-ज़ुकाम होगा." मग चष्मा काढून त्या जरा सावकाश बोलल्या. म्हणाल्या, हा मार्कर दोन गटांतला फरक दाखवायला आहे, एका माणसाचं निदान करायला नाही. याच्यावरून आपण कुणाच्या घरी जाऊन घाबरवायचं नाही. बाकी सगळं ठीक असेल तर ठीक.

त्यांचं बोलणं शास्त्राला धरून होतं आणि आजही मी ते बरोबरच मानते. फक्त त्यांच्या तीन 'नॉर्मल'पैकी एक मी बनवलेला होता, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. ते तसंच मनात ठेवून मी खाली मान घालून बाहेर आले.

दोन दिवस मी काम केलं, पण लक्ष थाऱ्यावर नव्हतं. वहिनींचे पाय संध्याकाळी सुजतात, हे मी वर्षभर बघत होते आणि गुडघ्यांच्या खात्यावर टाकत होते. गुडघ्यांसाठी त्या दुकानातून गोळ्या आणून घ्यायच्या, रोज एक, हिवाळ्यात दोन, किती वर्षं कोण जाणे. वेदनेच्या त्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनीला काय करतात, हे मी रोज रुग्णांच्या केसपेपरवर वाचत होते. घरी मात्र त्यांच्या पर्समधून मीही एखादी मागून घ्यायची.

रविवारी पट्ट्यांची डबी आणि दोन रिकाम्या बाटल्या पर्समध्ये टाकून निघाले. कस्तुरबा गांधी मार्गापाशी बस बदलली, द्वारकेला साडेअकराला पोचले. वहिनी गॅलरीत उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून सोलायला लागले.

"आज अशी मधेच कशी उगवलीस? नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही. वहिनी, मला एक बाटली भरून द्या."

"कसली बाटली?"

"तीच. संक्रांतीची."

त्यांचा हात थांबला. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की मांडीवरचे मटार घरंगळले. "पकडलीस होय! कसं कळलं गं तुला?"

"काय कसं कळलं?"

"ती बाटली माझी नव्हती म्हणून."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "मग कुणाची होती?"

"खालची, पहिल्या मजल्यावरची. पंजाबीण. अगं, सोवळ्यात नव्हते मी काही, पण हळदीकुंकवाच्या दिवशी, देवापुढे दिवा लावलेला, त्याच हाताने करंडा घ्यायचा आणि त्याच हाताने ती बाटली? मला नाही जमलं. मी बाथरूमच्या दाराशी बाटली धरून उभी, तर ती म्हणाली, भाभीजी, लाओ, मैं भर देती हूँ, इसमें क्या है! पाच मिनिटांत भरून दिली बिचारीने. फार मदतीची आहे."

"वहिनी!"

"ओरडू नकोस. तुला बाटली हवी होती, बाटली मिळाली. तुझं काम अडलं नाही ना?"

मी हसले नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं. "काय झालंय? मला सांग."

काय ते सांगायचा अधिकार मला नव्हता. मी फक्त एवढंच म्हटलं की रक्तात एक गोष्ट जास्त आलीय, कदाचित काही नसेल, पण बाटली तुमचीच हवी. त्या उठल्या. या वेळी दहा मिनिटं लागली नाहीत. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून पट्टी बुडवली. पिवळा चौकोन आधी पोपटी झाला, मग हिरवा. डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची गरज नव्हती, तरी मी ताडली. मग रक्तदाब घेतला, पंधरा मिनिटं बसवून, दोनदा. दोन्ही वेळा रेषेच्या बराच वर.

"किती वाईट?" वहिनींनी विचारलं.

"मला माहीत नाही. उद्या मॅडमना विचारते."

"खरं सांग हं. माझी आई लघवी बंद होऊन गेली. सूज चढत चढत. तुला सांगितलंय का कधी?"

सांगितलं नव्हतं. वीस वर्षांत कधीच नाही.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी रक्तदाबाची, कारण ती माझी होती. मग बाटलीची. त्या इंग्रजीतून रागावल्या, आणि ते मी ऐकून घेतलं. माझी तोपर्यंतची सगळी वही त्यांनी तपासायला ठेवून घेतली. एकवीस नंबर कंट्रोलमधून काढला, तसं कारण लिहून. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "कल ले आओ उनको. ओपीडी की लाइन में मत लगाना, सीधे मेरे पास."

पुढचे दोन आठवडे तपासण्यांचे. सोनोग्राफी झाली, रक्त झालं. आणि चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये जमा करायची आली. कॅन घरी नेताना वहिनी रिक्षात ती मांडीवर धरून बसल्या होत्या.

"एक छोटी बाटली चुकवली, तर ही कॅन नशिबी आली," त्या म्हणाल्या. "आता ही भरायला सोसायटीतल्या सगळ्या पंजाबिणी बोलवू का?"

थोरले दीर पुढे रिक्षावाल्याशेजारून म्हणाले, "मी देतो की थोडी." त्यांना आम्ही दोघींनी मिळून गप्प केलं.

निकाल सांगायला मॅडमनी आम्हा दोघींना बसवलं. किडनीचा आकार ठीक. क्रिएटिनिन या वेळी रेषेला टेकलेलं. लघवीतून प्रथिन चांगलंच जात होतं. रक्तदाब बरीच वर्षं चढलेला असावा, कुणी मोजलाच नव्हता, आणि त्यावर गोळ्यांची भर. वेदनेच्या गोळ्या आजपासून बंद, एकही नाही. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, रक्तदाबाची गोळी रोज. "आप वक़्त पर आ गईं," मॅडम म्हणाल्या. "दो-तीन साल बाद आतीं तो मैं कुछ और कह रही होती."

वहिनींनी विचारलं, "डायलिसिस?"

"अभी उसका नाम भी मत लीजिए."

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. मग मॅडमना म्हणाल्या, "संक्रांत के दिन आपके यहाँ झूठ गया मेरे घर से. माफ़ करना." मॅडमनी उठून वहिनींना दार उघडून दिलं. आमच्या मॅडम कुणासाठी दार उघडत नसत.

याला आता अकरा वर्षं झाली. वहिनींच्या किडनीने थोडी माघार घेतलीय, पण काम चालू आहे. डायलिसिसचं नाव अजून घ्यावं लागलेलं नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. लोणचं त्या बघून आनंद मानतात. मार्करने त्यांना वाचवलं असं मी म्हणणार नाही. तो मार्कर अजूनही नेहमीच्या तपासणीत आलेला नाही, आणि मॅडमचं म्हणणं खरं होतं, एका माणसाबद्दल तो खात्रीने काही सांगत नाही. वाचवलं असेल तर ते त्या स्वस्तातल्या साध्या पट्टीने आणि रोजच्या गोळीने. मार्करने मला फक्त गप्प बसू दिलं नाही. पण त्यासाठी त्या थाळीतल्या दोन खळग्यांची मी ऋणी आहे. मॅडमचीही आहे. माझी चूक त्यांनी कागदावर नोंदवली, वर पाठवली, वर्षभर माझी वही दर शुक्रवारी तपासली, आणि मला कामावरून काढलं नाही. त्या पंजाबी शेजारणीचा तर राग यायला हवा होता, तो आला नाही. तिने मैत्रिणीची अडचण बघितली आणि जे हाताशी होतं ते दिलं. पुढे वहिनींचा रक्तदाब रोज संध्याकाळी घ्यायचं काम तिनेच अंगावर घेतलं, आणि त्यात तिने एकही आकडा खालचा लिहिला नाही.

संशोधनाचा लेख छापून आला तेव्हा शेवटी एक ओळ होती: नमुने देणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार. त्या ओळीत वीस नटलेल्या बायका आणि एक घरची बाई मावत नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. म्हणून हे लिहिलं.

निकालाच्या दिवशी वहिनी बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर मॅडमनी मला मागे थांबवलं होतं.

"सुनो. बाकी बीस बोतलें?"

"जी?"

"तुम्हें पक्का मालूम है किसकी हैं? एक ने ऐसा किया तो औरों ने नहीं किया होगा?"

मी विचार केला. वीस बायका, सगळ्या नटलेल्या, सगळ्या हळदीकुंकवाला निघालेल्या, एक बाथरूम. मला काहीही पक्कं माहीत नव्हतं.

बाहेर येऊन हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "विचारायचं तर खरं कोण सांगणार तुला? आधी माझं मी सांगते सगळ्यांना, मग बघ."

"सगळ्यांना? तुमच्या आजाराचं?"

"मग काय झाकून ठेवू? त्यांच्यातल्या कुणाचं काही असेल तर?" रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच्या टेलिफोन बूथमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि पर्समधली डायरी काढून एकेकीला फोन लावायला लागल्या. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. प्रत्येकीला त्यांनी तेच सांगितलं, पंजाबिणीने भरलेल्या बाटलीसकट, काहीही न गाळता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वीस नव्या बाटल्यांवर नंबर घातले, पट्ट्यांची नवी डबी घेतली आणि सव्वासहाची बस पकडून द्वारकेला गेले. एक ते वीस, घरोघरी जाऊन दारात उभी राहिले, आणि बाटली भरून हातात येईपर्यंत एकीच्याही घरी चहाला बसले नाही.